धडगावला महिन्यातून किती मुक्काम? : संस्थेसाठी ‘सर्च फर्म’ निवडताना

चार वर्षांपूर्वी आमच्या संस्थेला नवा कार्यकारी संचालक हवा होता. कार्यालय पुण्यात, काम नंदुरबार जिल्ह्यातल्या धडगाव तालुक्यात. संस्थापक सत्तरीला टेकलेले. त्यांना आम्ही सगळे भाऊ म्हणतो. विश्वस्त मंडळात मी सर्वांत नवा, त्यामुळे निवड समितीचं लोढणं माझ्या गळ्यात पडलं. आम्ही माणसं शोधून देणारी मुंबईची एक फर्म नेमली. चकचकीत सादरीकरण झालं, पाच महिने गेले, माणूस सापडला, सगळ्यांना आवडला. ऑफर लेटर गेलं, त्यांनी जुन्या नोकरीचा राजीनामा देण्याची तयारी केली आणि त्याच आठवड्यात त्यांचा मला फोन आला.

“एक विचारायचं राहिलं. धडगावला महिन्यातून किती मुक्काम?”

मी म्हटलं, दहा-बारा रात्री तरी. पलीकडे शांतता. मग, “मला तर ‘अधूनमधून प्रवास’ असं सांगितलं होतं.” त्यांची मुलगी बारावीला होती. ते आले नाहीत.

फर्मला मी भरपूर नावं ठेवली. त्यांनी उमेदवारांना पाठवलेल्या माहितीत धडगाव ‘नाशिकजवळ’ होतं, म्हणजे नकाशाही उघडलेला नव्हता. पण राग ओसरल्यावर आम्ही स्वतः फर्मला दिलेला कागद काढून पाहिला. त्यात होतं, ‘फील्ड व्हिजिट अपेक्षित.’ बस्स. बारा रात्री हा आकडा आम्हा सात विश्वस्तांपैकी कोणीही, कुठेही लिहिला नव्हता. तो फक्त भाऊंच्या सवयीत होता. तेव्हापासून दोन-तीन संस्थांनी मला या बाबतीत सल्ला विचारला, म्हणून एकदाच सगळं सविस्तर लिहितो.

आधी हा धंदा काय आहे ते बघू. माणसं शोधून देणारे ढोबळमानाने दोन प्रकारचे. पहिला प्रकार प्लेसमेंट एजन्सीचा. हे आपल्या वधू-वर सूचक मंडळासारखं. ज्यांना नोकरी हवी आहे त्यांची माहिती फायलीत असते, तुमची मागणी आली की जुळणारे दहा बायोडेटा पाठवले जातात. माणूस रुजू झाला तरच पैसे. भारतात या कामाचा रूढ दर ८.३३ टक्के, म्हणजे वर्षाच्या पगाराचा बारावा हिस्सा, सरळ एका महिन्याचा पगार. यात गैर काहीच नाही. अकाउंट्स ऑफिसर हवा असेल, प्रकल्प समन्वयक हवा असेल, तर हेच करावं. फक्त एक लक्षात ठेवायचं, की या एजन्सीला तुमच्याकडून पैसे मिळण्याची खात्री नसते. म्हणून ती तुमच्यासाठी फार वेळ घालवणार नाही, आणि तोच बायोडेटा एकाच वेळी चार ठिकाणी फिरत असेल.

दुसरा प्रकार सर्च फर्मचा. ही म्हणजे लग्न जमवणारी मावशी. मुलगा स्थळं बघत नाहीये हे तिला माहीत असतं, तरी ती त्याच्या घरी चहाला जाते आणि विषय काढते. चांगला संचालक बहुधा कुठेतरी चांगलं काम करत असतो. तो जाहिराती वाचत बसलेला नसतो. त्याच्यापर्यंत गुपचूप पोचायचं, त्याला ऐकायला लावायचं, त्याच्याबद्दल चार ठिकाणी चौकशी करायची आणि मग तुमच्यासमोर आणायचं, हे या फर्मचं काम. त्यामुळे ती आगाऊ पैसे घेते. रूढ पद्धत अशी, की पहिल्या वर्षाच्या पगाराच्या २५ ते ३३ टक्के, तीन हप्त्यांत: काम हाती घेताना एक, शॉर्टलिस्ट दिल्यावर एक आणि माणूस ठरल्यावर एक. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धानंतर ही पद्धत वाढली. शिकागोत १९५३ साली हायड्रिक अँड स्ट्रगल्स आणि १९५६ साली स्पेन्सर स्टुअर्ट सुरू झाल्या. त्या कंपन्यांसाठी माणसं शोधत होत्या. धर्मादाय संस्थांसाठी असं कोणी नेमायचं, ही कल्पना आपल्याकडे अजून नवीन आहे आणि अनेक विश्वस्तांना ती थोडी अश्लीलच वाटते. “देणगीच्या पैशांतून दलाली द्यायची?” हा प्रश्न आमच्याही बैठकीत आला होता.

प्रश्न रास्त आहे. आकडे मांडून बघू. समजा संचालकाला वर्षाला २४ लाख द्यायचे ठरले. फर्मचा दर ३० टक्के. म्हणजे ७ लाख २० हजार. त्यावर १८ टक्के जीएसटी, १ लाख २९ हजार ६००. एकूण ८ लाख ४९ हजार ६००. कंपनीला हा जीएसटी बहुतेक वेळा वळता करून घेता येतो; आपल्यासारख्या संस्थेच्या तो अंगावरच पडतो. त्याखेरीज उमेदवारांचा प्रवास आणि राहणं वेगळं. तेच काम प्लेसमेंट एजन्सीकडून केलं तर २ लाख अधिक ३६ हजार. फरक सहा लाखांहून जास्त आहे, आणि धडगावात सहा लाखांत काय काय होतं हे मला चांगलं माहीत आहे.

म्हणून फर्म कोणती, याच्या आधीचा प्रश्न असा: फर्म हवीच कशाला? महाराष्ट्रातल्या मोठ्या संस्थांकडे पाहिलं तर नेतृत्व बऱ्याचदा घरातूनच आलेलं दिसतं. मणिभाई देसाईंनी १९६७ साली उरुळी कांचनला ग्रामविकासाचं काम करणारी ‘बाएफ’ उभी केली. १९९३ साली ते गेले, तेव्हा धुरा डॉ. नारायण हेगडे यांच्याकडे आली, आणि ते तोवर कित्येक वर्षं बाएफमध्येच काम करत होते. १९९५ साली मुंबईच्या वस्त्यांमधून सुरू झालेल्या, मुलांच्या शिक्षणात काम करणाऱ्या ‘प्रथम’मध्ये माधव चव्हाणांनंतर २०१५ साली रुक्मिणी बॅनर्जी सीईओ झाल्या, त्याही आतल्याच. घरातला माणूस काय करू शकतो आणि कुठे अडखळतो, हे विश्वस्तांना दहा वर्षं दिसलेलं असतं. कुठलीही फर्म तीन मुलाखतींत ते दाखवू शकत नाही. तुमच्याकडे असा माणूस असेल तर ते आठ लाख त्याच्या किंवा तिच्या तयारीवर घाला.

बाहेरचा हवा असेल तरी फर्मखेरीज वाटा आहेत. डेव्हनेटसारख्या संकेतस्थळांवर या क्षेत्रातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती लागतात आणि त्या वाचल्या जातात. कॉर्पोरेटमधून सामाजिक क्षेत्रात येऊ पाहणाऱ्यांसाठी आयएलएसएससारख्या (इंडिया लीडर्स फॉर सोशल सेक्टर) संस्थांचे अभ्यासक्रम चालतात. तिथे शब्द टाकता येतो. फर्मची खरी गरज लागते ती तीन-चार परिस्थितींत: आत कोणी तयार नाही, विश्वस्तांच्या ओळखीचं वर्तुळ एकाच शहरापुरतं आणि एकाच पिढीपुरतं आहे, शोध गुपचूप करावा लागणार आहे, किंवा विश्वस्तांत दोन तट आहेत आणि दोन्ही तटांना मान्य होईल असा तिऱ्हाईत हवा आहे. शेवटचं कारण कोणी उघड सांगत नाही, पण मी पाहिलेल्या शोधांत ते सर्वांत जास्त वेळा खरं होतं.

फर्मला बोलावण्याआधी

आधी एक पान लिहा. मराठीत लिहा. इंग्रजीत ‘डायनॅमिक लीडर’ लिहून सुटका होते. मराठीत लिहायला बसलं की नेमकं म्हणायचं काय आहे ते स्वतःला विचारावं लागतं. मुक्काम किती रात्री. पगार कुठून कुठपर्यंत, आणि तो तीन वर्षं द्यायला पैसे कुठून येणार. तिथली पावरी किंवा भिली बोली येत नसेल तर चालेल का, आणि मराठी येत नसेल तर? देणग्या उभ्या करणं हे या माणसाचं काम आहे, की ते विश्वस्त बघणार? आमच्या पहिल्या वेळी या शेवटच्या प्रश्नाला सात विश्वस्तांची चार उत्तरं होती. फर्मला ती चारही ऐकवली गेली, वेगवेगळ्या फोनवर.

आणि मग संस्थापक. या क्षेत्रातला प्रत्येक जाणता उमेदवार पहिल्या भेटीत आडून आडून एकच गोष्ट विचारतो: भाऊ जाणार कुठे? कार्यालयात भाऊंची खोली तशीच राहणार का? तालुक्याचे कार्यकर्ते अडचण आली की कोणाला फोन लावणार? चेकवर सही कोणाची? हा सहीचा मुद्दा क्षुल्लक वाटतो, पण तो नाही. बहुतेक ट्रस्टमध्ये बँकेचे अधिकार दोन विश्वस्तांकडे असतात. २४ लाख पगाराचा संचालक येतो आणि जीपच्या दुरुस्तीचे १४ हजार द्यायला त्याला कोथरूडमध्ये कोणाच्या तरी घरी चेकबुक घेऊन जावं लागतं, असं मी डोळ्यांनी पाहिलं आहे. तो संचालक नऊ महिने टिकला. किती रकमेपर्यंतचा खर्च त्याच्या एकट्याच्या सहीने होईल, याचा ठराव शोध सुरू होण्याआधी करून ठेवा. उमेदवाराला तो दाखवता आला तर शंभर शब्दांचं काम होतं.

नव्या माणसाला विश्वस्त मंडळातही घ्यायचं का, हेही तेव्हाच ठरवा. नुसता पगारी संचालक असेल तर धर्मादाय आयुक्तांकडे सहसा काही बदलत नाही. विश्वस्त करणार असाल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम २२ प्रमाणे ९० दिवसांत चेंज रिपोर्ट, म्हणजे बदलाचा अहवाल, द्यावा लागतो, आणि तो मंजूर व्हायला किती काळ जातो हे ज्यांनी त्या कार्यालयाच्या पायऱ्या झिजवल्यात त्यांना सांगायला नको.

फर्मशी बोलताना

आता तीन फर्म बोलावा. तीन पुरेत. सादरीकरणाला फर्मचे भागीदार येतात. पांढरे केस, मोजकं बोलणं, आपल्याला बरं वाटतं. त्यांना पहिला प्रश्न असा विचारा, की उमेदवारांना फोन कोण करणार? खरं उत्तर बऱ्याचदा हे असतं, की फोन पंचविशीतली एक मुलगी किंवा मुलगा करणार, ज्याच्याकडे त्याच वेळी आणखी सहा कामं आहेत. त्यात वाईट काही नाही, पण मग त्या मुलीलाच बैठकीला बोलवा. तुमचं काम तिला दोन मिनिटांत, समोर उमेदवार बसलाय असं समजून, सांगायला सांगा. मी तर आता म्हणतो, अर्धं मराठीत सांगा. त्या दोन मिनिटांत जे ऐकू येईल तेच पुढे चाळीस लोकांच्या कानावर पडणार आहे. आमच्या क्षेत्रात माणसं कमी. एकदा चुकीचा फोन गेला की त्या माणसाकडे पुन्हा जाता येत नाही, आणि त्याने संध्याकाळपर्यंत चौघांना सांगितलेलं असतं.

दुसरा प्रश्न ‘ऑफ-लिमिट्स’चा. हा शब्द विश्वस्तांना सहसा माहीत नसतो आणि फर्म तो आपणहून काढत नाही. ज्या संस्थेचं काम फर्मने केलं, त्या संस्थेतून पुढची एक-दोन वर्षं माणूस उचलायचा नाही, असा या धंद्याचा नियम आहे. तुमच्या दृष्टीने हे चांगलंच. तुम्हाला आणून दिलेला माणूस तीच फर्म पुढच्या वर्षी दुसरीकडे नेणार नाही. पण उलट बाजूने बघा. फर्म जितकी नामांकित, तितके तिचे ग्राहक जास्त, आणि तितक्या जास्त संस्थांचे दरवाजे तिला बंद. आदिवासी भागातल्या आरोग्याच्या कामाचा, मोठी टीम सांभाळलेला, मराठी बोलणारा माणूस अख्ख्या राज्यात वीस-पंचवीस ठिकाणी सापडू शकतो. त्यातल्या दहा ठिकाणी फर्म फोनच करू शकत नसेल, तर तुम्ही पूर्ण पैसे देऊन अर्धा बाजार बघणार. म्हणून थेट विचारा: कुठल्या संस्थांमधून तुम्हाला माणूस आणता येणार नाही, त्यांची यादी द्या. नावं गोपनीय आहेत असं म्हणतील. मग तुम्हीच तुमच्या मनातल्या पंधरा संस्थांची नावं वाचून दाखवा आणि प्रत्येकीला हो किंवा नाही एवढंच उत्तर घ्या.

तिसरा माझा आवडता. तुमचा फसलेला शोध सांगा. यशाच्या गोष्टी सगळ्यांकडे असतात. “आमचा एकही फसला नाही” म्हणणाऱ्या फर्मला चहा पाजून निरोप द्यावा. आमच्या दुसऱ्या शोधाच्या वेळी फर्म चालवणाऱ्या एका बाईंनी मला शांतपणे सांगितलं होतं, की एका संस्थेत त्यांनी दिलेला माणूस चार महिन्यांत गेला, कारण संस्थापकांची सही आणि सत्ता दोन्ही सुटत नव्हती आणि हे आपण आधी ओळखायला हवं होतं. त्यांना आम्ही काम दिलं.

संदर्भ घेताना फर्म देईल त्या अध्यक्षांना फोन करून भागत नाही. त्या फर्मने दोन वर्षांपूर्वी बसवलेल्या संचालकाला फोन करा. तो अजून तिथे आहे का, हेच पहिलं उत्तर. जमलं तर शॉर्टलिस्टमध्ये येऊन न निवडल्या गेलेल्या एखाद्याशीही बोला. नकार कसा कळवला, कळवला तरी का, यावरून फर्म तुमच्या नावाने बाहेर कशी वागेल ते कळतं.

उमेदवारांबद्दलची चौकशीही नीट ठरवून घ्या. “माणूस सज्जन आहे” असे रेफरन्स बिनकामाचे. आधीच्या ठिकाणी लैंगिक छळाची तक्रार होती का, हिशोबात ऑडिटरचे शेरे होते का, हे प्रश्न फर्मने स्पष्ट विचारलेच पाहिजेत, आणि कोणाला विचारले ते तुम्हाला सांगितलं पाहिजे. सामाजिक क्षेत्रात आपण सगळे एकमेकांचे ओळखीचे, त्यामुळे हे विचारायला जीभ रेटत नाही. त्या संकोचासाठीच तर आपण तिऱ्हाइताला पैसे देतो.

पैसे आणि करार

टक्केवारीत मला एक खोट दिसते. पगार जितका जास्त ठरेल तितकी फर्मची फी वाढते, आणि पगाराची बोलणी फर्मच करत असते. झुरिकच्या इगॉन झेंडर या फर्मने म्हणूनच टक्केवारीऐवजी ठरीव फीची पद्धत घेतली. धर्मादाय संस्थांनी ठरीव रकमेचाच आग्रह धरावा. सवलतही मागावी, अनेक फर्म देतात. मात्र सवलत मिळाली की तुमचं काम कोणाकडे जातं तेही बघा, नाहीतर भागीदार दिसतात सादरीकरणापुरते.

करारात हमीचा काळ असतो: माणूस इतक्या महिन्यांत गेला तर फर्म नवीन फी न घेता पुन्हा शोधेल. तीन महिने म्हणजे थट्टा आहे. नव्या संचालकाचा पहिला पावसाळासुद्धा तेवढ्यात निघत नाही. बारा मागा, नऊवर या. आणि हप्ते तारखांना बांधू नका, कामाला बांधा. ‘साठ दिवसांनी दुसरा हप्ता’ असं लिहिलं तर साठ दिवसांनी बिल येतंच, उमेदवार आलेले असोत वा नसोत. आमचं पहिल्या वेळी हेच झालं.

परदेशी देणगी घेणाऱ्यांनी आणखी एक हिशोब आधी करावा. सप्टेंबर २०२० च्या दुरुस्तीने एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आणली, आणि व्यवस्थापनासाठी माणूस नेमण्याचा खर्च या प्रशासकीय खर्चातच मोडतो. वर्षाला ६० लाख परदेशी देणगी येत असेल तर मर्यादा १२ लाख. त्यातले साडेआठ फर्मला दिले की भाडं, ऑडिट आणि व्यवस्थापनाच्या पगारांना उरले साडेतीन. म्हणजे हा खर्च देशी, कशालाही न बांधलेल्या पैशांतून करावा लागतो. सीएसआरचा, म्हणजे कंपन्यांच्या सामाजिक निधीचा पैसा बहुधा प्रकल्पाला बांधलेला असतो, तिथे हे बसवणं कठीण. सरळ मार्ग एकच: जुन्या एखाद्या देणगीदाराकडे जाऊन याच कामासाठी वेगळे पैसे मागायचे. आम्ही मागितले. “भाऊंनंतर काय, हा प्रश्न मला तुम्हाला पाच वर्षं विचारायचा होता,” असं म्हणून त्यांनी चेक लिहिला.

दुसऱ्या वेळी आम्ही नेमलं ते फसलेला शोध सांगणाऱ्या त्याच बाईंचं, पुण्यातलं दोन माणसांचं ऑफिस. ठरीव फी, चार लाख अधिक जीएसटी. त्या बाईंनी पहिलं काम केलं ते असं, की विश्वस्तांना बाहेर ठेवून भाऊंशी एकटीने दोन तास बोलल्या. काय बोलणं झालं ते आम्हाला आजही माहीत नाही. पुढच्या आठवड्यात शहाद्याहून एसटीने घाट चढून त्या धडगावला गेल्या, आमच्या कार्यालयाच्या माडीवर दोन रात्री राहिल्या, कार्यकर्त्यांबरोबर एका पाड्यावर जाऊन आल्या. परत आल्यावर त्यांनी आमच्या त्या एका पानात स्वतःच्या हाताने दोन ओळी घातल्या: ‘मुक्कामी खोलीत फोनला रेंज येत नाही. पावसाळ्यात रस्ता बंद झाला तर अडकून राहण्याची तयारी हवी.’

मग त्यांनी फोन सुरू केले आणि प्रत्येकाला मुक्कामाचं पहिल्या पाच मिनिटांत सांगितलं. सतरा जणांपैकी अकरा जण तिथल्या तिथे नको म्हणाले. उरलेल्या सहा जणांपैकी एकीने विचारलं, “बारा रात्री सलग करायच्या, की आठवड्याला तीन?” सध्या त्या सलग करतात, आणि भाऊंची खोली आता स्टोअररूम आहे.